दिवसा लाइट देणार, पण डीपीचं काय?

शेतीपंपांना दिवसा वीज द्यायला महावितरणने सोलरवर एवढा मोठा डाव लावलाय, तो मला पटतो. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला सोलरचा विरोधक ठरवेल.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. बरीच वर्षं रांगतच होती. २०२३ मध्ये तिचा दुसरा अवतार आला आणि मार्च २०२४ पर्यंत नऊ हजार मेगावॉटच्या आसपासची कामं वाटूनही झाली, युनिटला साधारण तीन रुपये दराने. सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत प्रकल्प उभारायचा आणि तिथली वीज त्याच सबस्टेशनच्या शेती फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या लाइनवर, सोडायची, एवढीच योजना. चंद्रपूरहून मराठवाड्यापर्यंत वीज आणताना जी गळती होते, ती वाचते. शिवाय पंपाला दुपारचं ऊन चालतं, त्यामुळे बॅटरीचा खर्च नाही. जानेवारीच्या थंडीत रात्री दोनला गव्हाची दारं धरणाऱ्याला किंवा जुन्नरकडे बिबट्याच्या धाकाने टॉर्च घेऊन फिरणाऱ्याला दिवसाच्या लाइटचं मोल वेगळं सांगायला नको.

माझी तक्रार सबस्टेशनच्या पुढची आहे. तिथून पंपापर्यंत तीच लोंबकळणारी तार आणि तोच डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर. त्यावर मंजुरीपेक्षा जास्त एचपीच्या मोटारी, वर चोरून टाकलेले आकडे. लाइट आली की ऑटो स्विचमुळे सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज सावरणारा कपॅसिटर कुणी बसवत नाही, मग व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात, डीपीही जळतो. यात आपणही दोषी आहोत, सगळं वायरमनवर ढकलून चालणार नाही. पण तीन रुपयांची वीज सबस्टेशनवर असून डीपी पंधरा दिवस बंद असेल तर उसाला काय फरक पडला?

जाता जाता गायरानाचं, कारण हे सोलर प्रकल्प गावच्या चराऊ जमिनीवरही उभे राहतात. खासगी जमीन भाड्याने दिली तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख मिळतात, ग्रामपंचायतीलाही तीन वर्षं वर्षाला पाच लाख आहेत. पण त्या गायरानावर शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाच्या हातात काय पडतं? ग्रामसभेत हे विचारायला हवं.

जाहिरातीत मेगावॉट येऊ देत. पण प्रत्येक सबस्टेशनबाहेर एक फळा लावा: कुठल्या फीडरला काल दिवसा किती तास पंप चालवणारी थ्री फेज वीज मिळाली आणि जळालेला डीपी कितव्या दिवशी बदलला.