जीएस व्हायचंय? मग हे वाचा, निवडणुकीचं नंतर बघू

तर तुम्हाला कॉलेजात जीएस, म्हणजे जनरल सेक्रेटरी, विद्यार्थी परिषदेचा सचिव व्हायचंय. घरी सांगितलंय का? नसेल तर सांगूही नका, कारण तुमच्या वडलांच्या डोळ्यासमोर लगेच हॉकी स्टिका आणि सोडावॉटरच्या बाटल्या येणार, त्यांनी ते दिवस पाहिलेत, त्यांची काही चूक नाही. 1989 साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, बाकी मारामाऱ्या तर गावोगावी चालूच होत्या, आणि मग आपल्या सरकारने असा विचार केला की मारामाऱ्या बंद करत बसण्यापेक्षा कॉलेजातल्या निवडणुकाच बंद केलेल्या काय वाईट. ढेकूण झाले म्हणून गादी जाळली, आता पाठ दुखली तरी चालेल. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात कलम 40 आलं आणि मागच्या वर्षी वर्गात ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, असं ठरलं.

आणि गंमत बघा, त्याच 1989 सालात देशात मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणलं गेलं. म्हणजे दिल्लीने सांगितलं की पोरांनो तुम्ही खासदार निवडण्याइतके मोठे झालात, आणि मुंबईने सांगितलं ते ठीक आहे पण वर्गाचा सीआर आम्हीच ठरवू. आजही टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला असलेली आणि 21 पूर्ण झालेली मुलगी आपल्या गावात थेट सरपंचाला उभी राहू शकते, निवडून येऊ शकते, ग्रामपंचायतीचे चेक काढू शकते. सोमवारी कॉलेजात आली की मात्र आपला सीआर कोण हे तिने नोटीस बोर्डावर वाचायचं.

असो. मी स्वतः सीआर होतो, त्यामुळे मला सल्ला द्यायचा अधिकार आहे. 2003 सालची गोष्ट, एसवाय बीएस्सी. वर्गात पहिला आलेला मुलगा इंजिनिअरिंगला निघून गेला होता, दुसऱ्या नंबरच्या मुलीला घरून सक्त ताकीद होती की असल्या भानगडीत पडायचं नाही, आणि तिसऱ्या नंबरला 61 टक्केवाला मी. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चालू होतं, टायट्रेशनचा रंग आता येतो की मग येतो अशा अवस्थेत मी ब्युरेटकडे बघत उभा, आणि शिपाईमामा चिठ्ठी घेऊन आले की तुला सरांनी बोलावलंय. माझा रंग गडद गुलाबी होऊन रीडिंग चुकलं आणि मी लोकप्रतिनिधी झालो. लोकांना त्याचा पत्ता पुढच्या आठवड्यात लागला.

तेव्हाच्या नियमात असं होतं की प्रत्येक वर्गाचा एक टॉपर, शिवाय एनएसएस, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक यांचा एकेक, आणि दोन मुली, हे सगळे प्राचार्यांनी नेमायचे, आणि मग या नेमलेल्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. तोच जीएस. आमच्या कॉलेजात अशी मतं झाली सतरा. राजकारण बाहेर ठेवायला काढलेली ही युक्ती, आणि ज्या दिवशी यादी बोर्डावर लागली त्याच संध्याकाळी गेटवर सुमो उभी. कारण आधी निवडणूक जिंकायला दोन हजार पोरांना चहा पाजावा लागायचा, आता फक्त नऊ जणांना पाजला की झालं, आणि नऊ माणसं काय हो, दाटीवाटीने एका गाडीत बसतात.

मला पाचगणीच्या अलीकडच्या एका लॉजवर नेलं होतं. नेलं म्हणजे उचललं वगैरे नाही, एक दादा आले, खांद्यावर हात ठेवला, चल जरा फिरून येऊ म्हणाले, दोन दिवसांनी आणून सोडलं. तिथे तालुक्यातला सगळा मेरिटचा माल एका खोलीत गोळा झालेला. दादांची माणसं सारखी विचारायची, काय पाहिजे ते मागवा, लाजायचं नाही, आणि टीवाय मॅथ्सचा टॉपर दर वेळी हळद घातलेलं दूध मागवायचा, शेवटी दादाच वैतागले की अरे बाबा मी इथे कशाचं बजेट धरून आलोय आणि तू काय पितोयस. एकाने जर्नल आणलं होतं, रात्री सगळ्यांनी मिळून त्याच्या आकृत्या पूर्ण केल्या. मतदानाच्या दिवशी सकाळी दहाला गाडी थेट कॉलेजच्या पोर्चमध्ये. ज्याला मत द्यायचं होतं तो मुलगा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, चेहरा चांगला होता.

तेव्हा सल्ला नंबर एक, मार्क पाडा. नाहीतर ज्याने पाडलेत त्याला गाडीत घाला.

आता तुम्ही म्हणाल काका हे जुनं झालं, आता नवीन कायदा आहे. आहे ना! महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016, 1 मार्च 2017 पासून लागू, त्यातलं कलम 99 एकदा उघडून वाचा, डोळे भरून येतील. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त, ओबीसी यांच्यातून आळीपाळीने, शिवाय प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी, आणि हे सगळे पोरांनी मत देऊन निवडायचे, सरांनी नेमायचे नाहीत. मग परिनियम निघाले, आचारसंहिता निघाली, 2019 च्या पावसाळ्यात वेळापत्रकसुद्धा आलं, पोरांनी दाढ्या कोरून फोटो काढून घेतले, आणि तेवढ्यात लक्षात आलं की अरे ऑक्टोबरात विधानसभा आहे. एका राज्यात एका वेळी दोन लोकशाह्या कशा चालणार, एवढा बंदोबस्त कुठून आणायचा, म्हणून तुमची वाली पुढे ढकलली. मग कोविड आला. कोविड गेला. ढकललेली निवडणूक अजून उतारावरच आहे बहुतेक, थांबलेली दिसत नाही कुठे.

म्हणून सल्ला नंबर दोन, तयारीत राहा. एफवायपासून राहा, म्हणजे पासआऊट होताना निदान तयारी तरी पूर्ण झालेली असेल. तयारीसाठी नियम पाठ पाहिजेत, आणि नियमांची आपल्याकडे कमी नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने 2006 साली देशभरासाठी जो अहवाल दिला आणि सुप्रीम कोर्टाने लागू करा म्हणून सांगितला, तो म्हणजे या विषयातली पोथी. ती मी तुम्हाला सोपी करून सांगतो.

पदवीच्या उमेदवाराचं वय 17 ते 22. म्हणजे कॅन्टीनमध्ये टेबल ठरलेला असलेला, सगळे ज्याला अण्णा म्हणतात, आणि जो नक्की कुठल्या वर्षाला आहे हे प्राध्यापकांनाही सांगता येत नाही, तो बाद. हजेरी 75 टक्के. इथे खरी पंचाईत आहे, कारण ज्याची हजेरी 75 टक्के त्याला वर्गाबाहेर कुत्रं ओळखत नाही, आणि ज्याला सगळं कॉलेज ओळखतं त्याचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये पहिलं, सगळं कॉलेज त्याला तिथूनच ओळखतं. त्या वर्षी विषय राहिलेला नको. झालं, उरले कोण, परत तोच हळदीचं दूध पिणारा.

खर्चाची मर्यादा उमेदवारामागे 5,000 रुपये. 2006 चे पाच हजार. आज दहा बाय दहाचा एक फ्लेक्स हजार-दीड हजाराला पडतो, पण तुम्ही फ्लेक्सचा हिशोब करूच नका, कारण छापील पोस्टर चालत नाही, हाताने काढलेलंच पाहिजे. हा नियम मला मनापासून आवडतो. होस्टेलवर एक पोरगा असतोच बघा ज्याचं अक्षर मोत्यासारखं असतं, सगळ्यांच्या जर्नलची पहिली पानं त्याच्याकडून लिहून घेतात आणि एरवी त्याला कोणी विचारत नाही. या नियमाने तो किंगमेकर झाला. त्याला आजपासून मिसळ खाऊ घाला. आणि पळवाट पाहिजे असेल तर दिल्ली विद्यापीठाकडे बघा, तिथे पोरं पोस्टर छापतात पण स्वतःच्या नावाचं स्पेलिंग मुद्दाम चुकवतात, म्हणजे विचारलं तर सांगायला मोकळे की हा मी नव्हेच. 2024 ला तिथे भिंती इतक्या रंगल्या की हायकोर्टाने सांगितलं आधी पुसा मग मोजा, 27 सप्टेंबरला झालेल्या मतदानाचा निकाल 25 नोव्हेंबरला लागला.

लाऊडस्पीकर, वाहन आणि प्राणी प्रचारात वापरायला बंदी आहे. हो, प्राणी असं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे घोडा किंवा बैलगाडी आणायची हौस असेल तर ट्रॅडिशनल डेला आणा, फेटा बांधून मेन गेटमधून या, सर स्वतः शेजारी उभे राहून फोटो काढतील, कारण तो प्रचार नसतो, ती संस्कृती असते. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत उरकायचं, हेही लिहिलंय. दहा दिवस! आमच्या ऑफिसच्या खिडकीत बोनाफाईडचा अर्ज टाकला तर साहेबांची सही व्हायला त्याहून जास्त लागतात, आणि तो तर एकच कागद. निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशोब द्यायचा, हा नियम वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. गॅदरिंगच्या वर्गणीचा हिशोब दिलेला जीएस मला अजून भेटायचाय.

पदांचं काय. अध्यक्ष म्हणजे ज्याच्या हातात पाहुण्यांसाठी बुके द्यायचा असतो पण ऐन वेळी संस्थेचे चेअरमन तो काढून घेतात, तो. मग अध्यक्षाने श्रीफळ धरून मागे उभं राहायचं. सचिव म्हणजे जनरेटरवाला, मंडपवाला आणि साऊंडवाला या तिघांचे नंबर ज्याच्या फोनमध्ये आहेत तो, आणि फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या आधी वाचून त्यातल्या सरांवरच्या काढून टाकणारा. सीआर म्हणजे चाळीस जर्नलं छातीशी धरून स्टाफरूमच्या दारात उभा असलेला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर उद्या लेक्चर आहे का असं ज्याला रात्री पावणेबाराला विचारतात तोही हाच.

महिला प्रतिनिधीने रांगोळी आणि औक्षणाचं ताट बघायचं, आणि सारी डेला हॉलच्या दाराशी गुलाबपाणी शिंपडायचं. आता तुमच्यातल्या एखादीने अभ्यास केलेला असतो, ती म्हणणार की यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर, तीन विद्यार्थी पाहिजेत आणि तेही लोकशाही पद्धतीने निवडून आलेले. मॅडम तुझ्याकडे कौतुकाने बघतील, किती वाचतेस गं म्हणतील, आणि रांगोळीला पांढरा रंग कमी पडतोय तेवढं बघ म्हणतील. लेडीज रूमचं नॅपकिनचं मशीन दोन वर्षं बंद आहे हा विषय तिथे काढू नये, त्याची वेगळी समिती आहे.

आणि एक खुर्ची आहे तिच्याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. नवीन कायद्यात कलम 97 ला महाविद्यालय विकास समिती आहे, वर्षातून निदान चार बैठका, कॉलेजचं बजेट वगैरे सगळं तिथे येतं, आणि त्या समितीत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव सदस्य आहेत. आमंत्रित नाही, सदस्य. जिमखान्याची फी घेता तर जिमखाना कुठाय, हे टेबलावर बसून विचारायची ती जागा. ही खुर्ची म्हणजेच सगळी भानगड आहे असं माझं मत, हॉकी स्टिका वगैरे सांगायला. पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका, बुके छान असतो.

आता एवढं सगळं वाचून तुम्ही विचाराल की काका, निवडणूकच होत नाही तर पद मिळणार कसं. मिळणार! नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी परिषद, येऊ द्या. नॅकच्या तपासणीची तारीख लागली की कॉलेजला भिंतींना रंग, बागेत कुंड्या आणि विद्यार्थी परिषद या तीन गोष्टी एकाच आठवड्यात फुटतात, कारण विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवायला त्यांच्या फॉर्मात रकाना आहे आणि रकाना रिकामा ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही. तेव्हा त्या आठवड्यात इस्त्रीचा शर्ट घालून, केस कापून, ऑफिससमोरून दोन-तीनदा उगाच ये-जा करा. एखाद्या सरांची नजर पडली की काम झालं, अरे तू जरा इकडे ये, नाव काय तुझं, आजपासून तू अध्यक्ष.

माझा भाचा असाच झाला मागच्या वर्षी. बारा वाजता अध्यक्ष झाला, साडेबाराला त्याला क्लार्कने टेबलापाशी बोलावलं, समोर पाच वर्षांची इतिवृत्ताची वही, सगळ्या बैठका एकाच पेनाने एकाच अक्षरात लिहिलेल्या, वृक्षारोपण, रक्तदान, परिषदेत सर्वानुमते ठरले की. त्याने चार पानांवर सह्या केल्या, मग थांबला आणि म्हणाला, सर ही बैठक जुलै 2019 ची आहे, मी तेव्हा सातवीत होतो. क्लार्कने चष्म्यावरून बघितलं, वही स्वतःकडे ओढून तारीख नीट वाचली आणि म्हणाला, मग तिथे जरा बारीक सही कर.