सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर म्हणजे फक्त शोभा? जरा थांबा

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. तो थोडक्यात असा: ‘तीन-चार हजार डॉलर मोजून सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर घेणं ही निव्वळ काउबॉयगिरी आहे. यंत्रणा १८७३ ची, नेम धड लागत नाही, पैसे जातात ते चकाकीचे आणि नक्षीचे. सहा गोळ्या भरा, कमरेला लावा, फोटो काढा. मात्र घेऊन ठेवलंत तर भाव वाढतच जाणार. फक्त कधी झाडू नका, आणि जुनं असेल तर नवं पॉलिश करून घ्या.’

इकडे भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका-पिस्तुलं ठेवता येतात, त्यामुळे हा संग्रहाचा छंद मुळात तिकडचाच. पण तिकडे हाच सल्ला वाचून कोणी खरेदीला निघतो, म्हणून एकेक दावा तपासायला हवा. त्यातला एक तर जिवावर बेतू शकतो.

आधी यंत्रणेचं. सिंगल ॲक्शन म्हणजे दर गोळीला अंगठ्याने हॅमर, म्हणजे मागचा घोडा, मागे ओढायचा. चाप फक्त तो सोडायचं काम करतो. अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये घेतलेलं कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी हे या घराण्याचं मूळ, यात वाद नाही. कोल्ट आजही जवळपास तीच यंत्रणा बनवतं. पण सगळं घराणं तिथेच थांबलं, हे खोटं. कोल्टमधल्या पट्टीच्या स्प्रिंगा हमखास तुटायच्या. रूगर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने १९५३ च्या सिंगल-सिक्स रिव्हॉल्व्हरपासून त्या जागी गुंडाळी स्प्रिंगा घातल्या. १९७३ मध्ये त्याच कंपनीने आतली सुरक्षाव्यवस्थाच बदलली, त्याबद्दल पुढे बोलू. भरायला वेळ लागतो, ही तक्रार मात्र मान्य. बाजूचं झाकण उघडून एकेक काडतूस सरकवायचं, झाडून झाल्यावर दांडीने एकेक पुंगळी ढकलून काढायची. घाई असलेल्याने दुसरं काही घ्यावं.

आता नेम. इथे त्या मजकुराने जुनं कोल्ट आणि आजचं महाग रिव्हॉल्व्हर एकाच पोत्यात भरलंय. जुन्या कोल्टला नेम धरायची मागची माशी म्हणून फ्रेमच्या माथ्यावर नुसती एक खाच असते, पुढे एक पातं. दोन्ही पक्की, हलवता न येणारी. गोळी डावीकडे पडायला लागली तर बंदूकवाल्या कारागिराकडे जा. त्यात कोल्टच्या नंतरच्या बऱ्याच .४५ मापाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरातल्या (गोळ्या भरायच्या फिरत्या भागातल्या) घरांची तोंडं नळीच्या मापाहून सैल निघाली. अशा हत्याराने पन्नास यार्डांवर कोणी निराश झाला, तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण रिव्हॉल्व्हरचा नेम मुळात बिघडतो कुठे, ते पाहा. गोळी आधी सिलिंडरातल्या घरात असते. तिथून निघून ती एक बारीकशी फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. घराचा मध्य आणि नळीचा मध्य केसभरही सरकलेला असेल, तर गोळी कडेला घासत, थोडी वाकडी होऊन आत जाते. शिवाय घरं सहा. सहाही सारख्याच दिशेने चुकली असती तर एक वेळ सांभाळून घेता आलं असतं, पण तसं होत नाही. साध्या कारखान्यात सिलिंडर वेगळा भोकं पाडून तयार होतो, फ्रेम वेगळी होते आणि मग दोन्ही जुळवतात. वायोमिंगमधल्या फ्रीडम नावाच्या छोट्या गावात फ्रीडम आर्म्स ही कंपनी १९८३ पासून मॉडेल ८३ हे सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर बनवते, तिथे क्रम उलटा आहे: सिलिंडर आधी त्याच्याच फ्रेममध्ये बसवून जागी अडकवायचा आणि मग नळीच्या रेषेत एकेक घर कोरायचं. तो सिलिंडर त्या फ्रेमचाच. दुसऱ्याच्यात घालून चालत नाही. पैसे जातात ते इथे. या कामात नक्षीचा काहीही संबंध नाही, आणि बाहेरून बघून ते कळतही नाही. साधं मॉडेल ८३ दिसायला इतकं करडं नि कोरडं आहे की शोकेसमध्ये कोणी त्याच्याकडे दोनदा बघणार नाही.

मॉडेल ८३ च्या सिलिंडरात घरं पाचच आहेत, यालाही कारण आहे. सहा घरांच्या सिलिंडरात एक घर वर, नळीसमोर आलं की बरोबर त्याच्या विरुद्ध, खाली, दुसरं घर असतं. सिलिंडर अडवणारी खुंटी खालूनच वर येते, म्हणजे तिच्यासाठी बाहेरून खाच पाडायची ती घराची भिंत जिथे सगळ्यात पातळ आहे तिथेच. पाच घरांत खालची जागा दोन घरांच्या मधली, भरीव. भिंतीही जाड मिळतात. .४५ कोल्ट काडतुसाचा मान्य दाब दर चौरस इंचाला १४,००० पौंड आहे. मॉडेल ८३ ज्याच्यासाठी घडवलं त्या .४५४ कॅसल काडतुसाचा ६५,०००. दोन्ही काडतुसांची जाडी तीच, लांबीत इंचाचा दहावा भाग फरक. एवढा दाब झेलणारी वस्तू ‘शोभेची’ म्हणायची असेल तर म्हणा बापडे.

राहिला पुरावा. १९७६ पासून अमेरिकेत धातूच्या आकृत्यांवरची पिस्तूल नेमबाजी संघटितपणे चालते. कोंबडी पन्नास मीटरवर, डुक्कर शंभर, टर्की दीडशे आणि मेंढा दोनशे मीटरवर. सगळ्या पोलादी, आणि नुसतं लागून भागत नाही, आकृती आडवी व्हावी लागते. रिव्हॉल्व्हर गटात फ्रीडम आर्म्सने नाव कमावलं ते याच मैदानावर.

चकाकीचं म्हणाल, तर संग्राहक पैसे कशाला देतात ते लिलावात दिसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजलिसला बोनॅम्सच्या लिलावात एक कोल्ट सिंगल ॲक्शन ६० लाख डॉलरच्या वर गेलं. त्यावर ना सोनं, ना हस्तिदंत, ना कोरीव काम. साधं, घासलेलं, लांब नळीचं. शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोत फोर्ट समनरला बिली द किड या कुख्यात गुन्हेगाराला ज्याने मारलं, ते हे. मोल त्या इतिहासाचं आणि तो सिद्ध करणाऱ्या कागदांचं.

त्यामुळे ‘पॉलिश करून घ्या’ हा सल्ला वाचून खऱ्या संग्राहकाच्या अंगावर काटा येईल. जुन्या फ्रेमवर हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवल्यावर आलेले निळे-तपकिरी रंग असतात. उन्हाने आणि हाताळण्याने ते उडतात, करडी फ्रेम उरते. ती करडी फ्रेमच अस्सलपणाची खूण आहे. पॉलिशच्या चाकावर धरली की कडा गोल होतात, अक्षरं उथळ होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगट भाग पडतो. मग कितीही झळकली तरी जाणकार पाठ फिरवतो. भाव वाढतच जातो हेही तसंच, सगळ्यांना लागू नाही. कोल्टच्या दप्तरातून क्रमांकावरून पत्र मिळतं: कारखान्यातून कधी निघालं, नळी केवढी, कोणाला पाठवलं. पण ते पत्र तेव्हा काय निघालं ते सांगतं; आज टेबलावर आहे त्यातली नळी नि सिलिंडर तेच आहेत का, ते आपल्यालाच बघावं लागतं. लष्करी तपासनिसांच्या आद्याक्षरांचे खोटे शिक्के मारलेली कोल्टं बाजारात भरपूर आहेत.

‘कधी झाडू नका’ हे अर्धवट आहे. न झाडलेल्या, पेटीसकट जपलेल्या कोल्टवर हॅमर नुसता ओढला तरी सिलिंडरभोवती ओरखड्याची रेघ उठते आणि किंमत खाली येते. तिला खरंच हात लावू नये. १९०० च्या आधीचं कोल्ट तर आजच्या काडतुसांनी मुळीच झाडू नये, कारण धूरविरहित दारूची हमी कंपनीने १९०० मध्ये दिली. पण मॉडेल ८३ किंवा रूगर घेऊन कपाटात कुलूपबंद करणं म्हणजे ज्या कामाचे पैसे मोजले तेच वाया घालवणं.

आणि आता तो सहा गोळ्यांचा दावा. हॅमर ओढताना जुन्या पद्धतीच्या कोल्टमधून चार खटके ऐकू येतात. पहिल्या खटक्याला हॅमर जिथे अडकतो तिला ‘सुरक्षा खाच’ म्हणतात, पण तिच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. तिथे चापाचं निमुळतं टोक एका नाजूक खाचेत टेकलेलं असतं. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून हॅमरवर पडलं की ती खाच किंवा ते टोक तुटू शकतं, आणि हॅमरखालच्या घरात काडतूस असेल तर ते उडतं. म्हणून पाचच भरायच्या: एक भरा, एक घर सोडा, पुढची चार भरा, हॅमर पूर्ण ओढा आणि अलगद उतरवा. तो रिकाम्या घरावरच येतो. तरी डोळ्यांनी खात्री करायची. काउबॉय पद्धतीच्या नेमबाजीची १९८७ मध्ये स्थापन झालेली संघटना स्पर्धेतही रिव्हॉल्व्हरमागे पाचच गोळ्या भरू देते.

रूगरने १९७३ मध्ये बदललं ते हेच. हॅमर आणि फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) यांच्यामध्ये एक सरकपट्टी घातली. चाप दाबलेला असेल तरच ती वर येते, नाहीतर हॅमर पिनपर्यंत पोचतच नाही. त्याआधीच्या रूगरना हा बदल कंपनी फुकट करून देते आणि काढलेले जुने भागही परत पाठवते. संग्रहासाठी ते पिशवीत जपून ठेवा, कारण पुढचा गिऱ्हाईक ते मागणार. तुमच्याकडचं रिव्हॉल्व्हर नेमकं कोणतं आहे हे माहीत नसेल, तर ते जुन्या पद्धतीचंच आहे असं धरून पाच भरा.