डीआय-२ला क्रँक दिसत नाही

नागपुरातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. मथळा ‘इलेक्ट्रॉनिक गिअर बसवणाऱ्यांनो, सावधान!’ आणि खाली दाव्यांची माळ. शिमानोचं डीआय-२ किंवा स्रॅमचं ईटॅप (दोन्ही विजेवर गिअर बदलणाऱ्या यंत्रणा) लावायचं तर क्रँकसेट त्याच कंपनीचा, त्याच सिरीजचा घ्यावाच लागतो. नाहीतर सिस्टिम क्रँकला ‘ओळखत’ नाही, लोड येऊन मोटर जळते, बॅटरी झपाट्याने उतरते. ११ स्पीडच्या (मागे ११ गिअर) क्रँकवर १२ स्पीडची चेन तर चालतच नाही. शेवटी सल्ला: ‘भाऊ, सेटच घ्या, सुटं घेऊ नका.’ विकणाऱ्याला हा सल्ला सोयीचा आहे, हे सांगायला नको. घेणाऱ्याने मात्र खिशात हात घालण्याआधी एकेक दावा तपासावा.

आधी ते ‘ओळखणं’. क्रँकसेट म्हणजे पेडलचे दोन दांडे, एक धुरा आणि दातेरी चकत्या. त्याला गिअरची वायर जात नाही, आत चिप नसते. पॉवर मीटर असलाच तर तो तुमचे वॅट मोजतो, गिअर बदलण्याशी त्याचं देणंघेणं नाही. शिमानोने २००९ साली ड्युरा-एसमध्ये पहिल्यांदा डीआय-२ आणलं, तेव्हापासून पुढच्या डिरेलरचं (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचं) मुख्य काम तेच: बटण दाबलं की चेनभोवतीचा पिंजरा ठरलेल्या अंतराने आत किंवा बाहेर सरकवायचा. शिमानोच्या ई-ट्यूब ॲपमध्ये पुढे किती दाते आणि मागे किती, हे आपल्याला भरता येतं, सिंक्रो शिफ्टचा, म्हणजे पुढचे-मागचे गिअर आपोआप जुळवून बदलण्याचा, हिशेब त्यावर बसतो. यंत्र स्वतःच क्रँक ओळखत असतं तर त्याने आपल्याला विचारलं कशाला असतं?

मोटर आणि बॅटरीचा दावा त्याच गोत्रातला. पुढच्या डिरेलरची मोटर मागच्यापेक्षा जास्त वीज खाते, हे खरं. म्हणूनच डीआय-२ची बॅटरी उतरू लागली की आधी पुढचं शिफ्टिंग बंद पडतं, मागचं नंतर. पण क्रँकवर कुणाचं नाव कोरलंय याने त्यात काही फरक पडत नाही. रामटेकला गडमंदिराच्या चढावर पेडलवर सगळं वजन टाकून मोठी चकती मागाल तर चेन कुरकुरणारच, क्रँक अस्सल जोडीतला असला तरी. बॅटरीची एवढीच काळजी असेल तर मे महिन्यात ती उन्हात उभ्या कारमध्ये ठेवू नका. डीआय-२ची बॅटरी ० ते ४५ अंशांत चार्ज करायची असते, आणि आपल्याकडे भर दुपारी नुसती गच्चीच ते ओलांडते.

मग जुळवायचं काय? फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही.

पहिली गोष्ट दोन चकत्यांमधला दात्यांचा फरक. रोडच्या १२ स्पीड डीआय-२चा पुढचा डिरेलर १६ दात्यांपर्यंतचा फरक पेलतो, म्हणून ५०-३४ आणि ५२-३६ दोन्ही चालतात. जीआरएक्स या शिमानोच्या ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या) सिरीजच्या डीआय-२ डिरेलरला १७ चालतो, त्यावर ४८-३१ बसतं. स्रॅमच्या एएक्सएस (ईटॅपची १२ स्पीड पिढी) रोड चकत्या बघा: ५०-३७, ४८-३५, ४६-३३. सगळीकडे फरक १३. पुढचा डिरेलर त्या १३ साठी घडवलाय, त्याच्याखाली ५०-३४ लावणं कंपनीला मान्य नाही.

दुसरी गोष्ट चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चकत्यांचं अंतर. जीआरएक्सचा क्रँक रोडच्या क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर बसतो. शिमानोचाच क्रँक, शिमानोचाच डिरेलर, पण एक ग्रॅव्हलचा आणि एक रोडचा असला तर जोडी जमत नाही. ‘त्याच कंपनीचा घ्या’ हा सल्ला इथेच तोंडघशी पडतो.

आणि मोठी चकती. ती काढून तिची आतली बाजू बोट फिरवून बघा. काही दाते मुद्दाम आखूड केलेले, मध्ये तिरपे कापलेले उतार, आणि ठरावीक जागी बारीक स्टीलच्या पिना. पिंजरा चेनला फक्त ढकलतो, वर उचलून घेतात त्या पिना आणि उतार. स्वस्तातल्या सपाट चकतीवर डिरेलर कितीही भारी लावा, चेन दोन दात्यांवर घसरून मगच चढेल. त्यात पिंजऱ्याची उंची चुकली तर बघायलाच नको. शिमानो पिंजरा आणि मोठ्या चकतीच्या दात्यांमध्ये १ ते ३ मिमी अंतर ठेवायला सांगते. डीआय-२च्या पुढच्या डिरेलरला फ्रेमवर टेकणारा एक आधाराचा स्क्रू असतो. तो सैल राहिला की मोटरच्या जोराने डिरेलरच हलतो, आणि बोल लागतो बिचाऱ्या क्रँकला.

आता ११ विरुद्ध १२. या दाव्यात अर्धं तथ्य आहे, पण मेसेजने ते सरसकट सगळ्यांना चिकटवलंय. दाता चेनच्या ज्या आतल्या फटीत बसतो ती ९ स्पीडपासून १२ स्पीडपर्यंत जवळपास सारखीच, साधारण २.२ मिमी. चेन सडपातळ होते ती बाहेरून. त्यामुळे ‘चालतच नाही’ हे विधान टिकत नाही. स्रॅमचं प्रकरण वेगळं. २०१९ मध्ये एएक्सएससोबत आलेल्या रोडच्या फ्लॅटटॉप चेनचे रोलर इतरांपेक्षा जाड आहेत, त्यांना त्याच मापाच्या चकत्या लागतात. दांडा कुणाचाही असो, चकती फ्लॅटटॉपची हवी. पण २०१५चं मूळ ईटॅप ११ स्पीड होतं आणि साध्या ११ स्पीड चेनवर चालायचं. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पोत्यात भरलेत.

पुढे एकच चकती असेल तर पुढचा डिरेलरच नाही, अर्धा वाद तिथेच मिटतो. तरी एक खोच आहे: शिमानोच्या १२ स्पीड चेनच्या आतल्या पट्ट्या लांबवलेल्या असतात, त्यामुळे जुन्या, जाड-बारीक दात्यांच्या काही चकत्यांवर ती अडकते.

क्रँक फ्रेममध्ये बसेल की नाही, हे बॉटम ब्रॅकेट, म्हणजे धुरा ज्यात फिरते तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग, ठरवतो. शिमानोची धुरा २४ मिमी, स्रॅमच्या ‘डब’ प्रकारच्या क्रँकची २८.९९. इलेक्ट्रॉनिकचा इथेही संबंध नाही.

जुना क्रँक बदलायला एक खरं कारण आहे, आणि ते या मेसेजमध्ये औषधालाही सापडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने जुलै २०१९ पूर्वी बनलेल्या ११ स्पीड अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँकची तपासणी जाहीर केली: एफसी-६८००, आर८०००, ९०००, आर९१००, आर९१००-पी. त्यांचे पोकळ दांडे दोन भाग चिकटवून केलेले आहेत, तो जोड सुटून दांडा तुटू शकतो. दांड्याच्या मागच्या बाजूला दोन अक्षरी कोड असतो, तो पुसून वाचा आणि तारीख बसत असेल तर दुकानात दाखवा. केबलचे गिअर असले तरीही.