मेकाँग म्हणजे 'मा गंगा' नव्हे

आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीबद्दल व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरणारा दावा असा: 'मेकाँग हा "मा गंगा"चा अपभ्रंश. व्हिएतनामीत नदीला "सोंग" म्हणतात, तोही शब्द संस्कृतच. नऊ मुखांच्या या नदीला तिथे सगळे मेकाँगच म्हणतात आणि चंपाचे शिलालेख याला साक्षी आहेत.' (चंपा म्हणजे आजच्या व्हिएतनाममधलं जुनं राज्य.)

आधी नाव. ते थाई-लाओ भाषांतलं: 'मॅ नाम खोंग'. मॅ म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी. पण 'मॅ नाम' हा जोडशब्द कुठल्याही नदीला लागतो. बँकॉकची नदीसुद्धा 'मॅ नाम चाओ फ्राया'. (जुन्या युरोपीय नकाशांत तिचं नावच 'मेनाम' छापलंय, म्हणजे नुसतं 'नदी'.) उरलं 'खोंग'. थाईत गंगेसाठी वेगळा शब्द आहेच: 'खोंगखा'. लॉय क्रथोंग या थाई सणाला पाण्यात दिवे सोडतात ते याच देवतेच्या नावाने. ऐकायला दोन्ही सारखे, म्हणूनच फसायला होतं. लिहून बघा. थाईत संस्कृतातल्या ख आणि ग यांसाठी दोन वेगळी अक्षरं आहेत, आज दोन्हींचा उच्चार 'ख' होत असला तरी. 'खोंगखा' ग-च्या अक्षराने लिहितात, नदीचं 'खोंग' ख-च्या. सूरही निराळा (थाई आणि व्हिएतनामीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो): नदीचा खोंग चढता, गंगेचा सपाट.

आता 'सोंग'. (मराठीतलं सोंग डोक्यातून काढा.) हा शब्द ऑस्ट्रोएशियाटिक, म्हणजे व्हिएतनामी, ख्मेर, मोन या भाषांच्या, कुळातला. त्याच्या जुन्या रूपात सुरुवातीला 'क्र' होता; म्यानमार-थायलंडमधल्या मोन भाषेत आजही नदीला 'क्रुंग'सारखा शब्द आहे. चिनी भाषेतला यांगत्सेसाठीचा 'च्यांग'सुद्धा याच कुळातून उसना गेला, अशी मांडणी जेरी नॉर्मन आणि मेइ त्सु-लिन या भाषाशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये केली. तोच चिनी शब्द पुढे व्हिएतनामीत 'झांग' होऊन परत आला. दक्षिणेत त्याचा उच्चार 'यांग'. त्यामुळे एकाच नदीची दोन नावं दिसतात. ह्युए शहरातली नदी बोलताना 'सोंग हुओंग', ग्रांथिक वळणाने 'हुओंग झांग'. सोंग नावाच्या आधी येतो, झांग नंतर, चिनी क्रमाने. 'झांगवर जाऊन येतो' असं कुणी म्हणत नाही. तो शब्द एकटा चालत नाही. सोंगचा सूर सपाट ठेवायचा. तो चढवलात तर नदीऐवजी 'जगणं' होतं.

'सगळे मेकाँगच म्हणतात' हेही खरं नाही. नदी व्हिएतनाममध्ये शिरते तीच दोन फाट्यांनी: सोंग तिएन म्हणजे पुढची, सोंग हाउ म्हणजे मागची. मी-थो शहर तिएनवर, कन-थो हाउवर, आणि तिथल्या बोलण्यात हीच नावं. त्रिभुज प्रदेशाचं नाव 'कूउ लाँग', नऊ ड्रॅगन, हेसुद्धा चिनी वळणाचं. नऊ मुखं आता मोजायला गेलात तर भरत नाहीत: बा-थाक गाळाने बुजलं आणि बा-लाइवर खारं पाणी आत येऊ नये म्हणून दरवाजांचा बांध घातलाय.

राहिला चंपाचा पुरावा. तिथे संस्कृत होती, यात वादच नाही. मी-सॉन या चंपाच्या मंदिरस्थळी सापडलेल्या इ.स. 658 च्या लेखात गंगादर्शनासाठी राज्य सोडणाऱ्या गंगाराजाचा उल्लेख आहे. पण ती गंगा म्हणजे भारतातलीच, आणि मी-सॉन आहे मध्य व्हिएतनाममध्ये, थू-बोन नदीच्या खोऱ्यात. मेकाँग तिथून वाहतच नाही.