लायटरनं मीठ काळं पडलं, म्हणून आयोडीन मोरीत ओतायचं?

गेल्या रविवारी माहेरी गेले होते, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. जेवताना आमटी अळणी लागली म्हणून मीठ मागितलं, तर आईनं गुलाबी खड्यांची बरणी पुढं सरकवली. म्हणाली, "गुरुवारपासनं सैंधवच घालतोय बघ मी सगळ्यात. समुद्राच्या मिठात प्लास्टिक असतंय." घरातलं पांढरं मीठ, दोन पुड्या, तिनं मोरीत ओतलं होतं. आणलेली सुरमईसुद्धा शेजारी देऊन टाकली होती. समोर वहिनी बसली होती. तिला सातवा महिना आहे.

हे सगळं भिशीच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजवरून झालं. मेसेज सांगतो की मीठ लायटरवर धरलं की काळं पडतं, कारण त्यातलं प्लास्टिक जळतं. मीठ आणि मासे यांतून आपण दर आठवड्याला एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक खातो. सैंधवात मात्र प्लास्टिकचा कणही नसतो. साधं मीठ वापरायचंच असेल तर तव्यावर भाजून प्लास्टिक उडवून द्यावं. आणि समुद्रातली ही घाण कोळ्यांच्या जाळ्यांची आहे, घाटावरच्या आपल्या लोकांचा तिच्याशी संबंध नाही. शेवटची ओळ अशी: "गरोदर महिलांपर्यंत जरूर पोहोचवा." ती ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं.

आधी लायटर. त्यासोबतच्या व्हिडिओत एक माणूस बशीत मीठ घेतो, त्यावर लायटरची पिवळी ज्योत फिरवतो आणि काळे डाग दाखवतो. मी आईला तिथंच ओट्यावर बोलावलं. एका बशीत तिचं सैंधव घेतलं, दुसरी बशी रिकामी ठेवली आणि दोन्हींवर ज्योत फिरवली. सैंधव काळं पडलं. रिकामी बशीही काळी पडली. बोट फिरवलं तर बोटाला काजळी लागली, दिव्याच्या काचेला धरते तशी. ती काजळी लायटरमधल्या गॅसची होती. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळणारा गॅस, तो ज्यावर फिरेल त्याला काळं करणारच. मीठ स्वतः वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात.

आणि समजा प्लास्टिक आहे, तर ते किती? इथं अंदाजपंचे बोलायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या चंदन कृष्ण सेठ आणि अमृतांशु श्रीवास्तव यांनी २०१८ मध्ये आपल्या देशातल्या समुद्री मिठाचे आठ ब्रँड तपासले. ६२६ कण सापडले, त्यांत ६३ टक्के तुकडे आणि ३७ टक्के तंतू. म्हणजे मिठात प्लास्टिक आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याचं वजन निघालं किलोमागे ६३.७६ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅमच्या चमचाभर मिठात असा एकतृतीयांश मायक्रोग्रॅम येतो. तो जळून बशी काळी होईल म्हणणाऱ्यानं एकदा हा भागाकार करावा.

तव्यावर भाजण्याबद्दल जास्त लिहीत नाही. पिशव्यांचं प्लास्टिक सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं, कापडातलं पॉलिएस्टर अडीचशेच्या पुढं. म्हणजे तापलेल्या तव्यावर ते वितळून मिठालाच चिकटेल, निघून कुठं जाणार?

एटीएम कार्डाचं गणितही त्याच अभ्यासावर करून बघा. रोज पाच ग्रॅम मीठ खाल्लं तर वर्षाला साधारण ११७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक पोटात जातं, असं त्यात म्हटलंय. कार्डाचं वजन पाच ग्रॅम. निव्वळ मिठातून तेवढं प्लास्टिक जायला बेचाळीस हजारांहून जास्त वर्षं लागतील. हे कार्ड आलं कुठून? ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाचा २०१९ चा अंदाज होता, आठवड्याला ०.१ ते ५ ग्रॅम असा. त्यातलं वरचं टोक तेवढं उचललं आणि जगभर फिरवलं. त्या हिशेबावर पुढं बरीच टीका झाली. २०२१ च्या दुसऱ्या एका अभ्यासात मोठ्या माणसाचा आकडा आठवड्याला चार मायक्रोग्रॅमच्या आसपास निघाला.

आता सैंधव. इथं मेसेजमध्ये अर्धं खरं आहे आणि ते मला मान्य करावं लागतंय. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेनं २०२४ मध्ये मिठाचे दहा आणि साखरेचे पाच नमुने तपासले. सगळ्यात जास्त कण आयोडीनयुक्त मिठात निघाले, किलोला ८९.१५. सगळ्यात कमी सैंधवात, ६.७०. कमी आहेत, पण शून्य नाहीत. मीठ कोट्यवधी वर्षांपूर्वीचं असलं तरी ते फोडतात, दळतात आणि पिशवीत भरतात ते आजच्याच कारखान्यात. आणि त्याच तपासणीत साखरेच्या प्रत्येक नमुन्यात कण मिळाले, किलोला ११.८५ ते ६८.२५. साखर समुद्रातनं येत नाही, हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको.

पण सैंधवाच्या नादात जे गेलं त्याचं काय? घरात येणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं, म्हणजे १५,००० मायक्रोग्रॅम. आईनं ६४ मायक्रोग्रॅम प्लास्टिक टाळायला किलोमागे पंधरा हजार मायक्रोग्रॅम आयोडीन मोरीत ओतलं, तेही घरात गरोदर सून असताना. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, एरवी मोठ्या माणसाला १५०. ते कमी पडलं तर गरोदर बाईला गलगंड होतो, पण खरा फटका बसतो पोटातल्या बाळाच्या मेंदूला, आणि ते नुकसान नंतर औषध देऊन भरून येत नाही. याच कारणासाठी सरकारनं १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम चालवला, मिठात आयोडीन घालायला लावलं. आईच्या सैंधवाच्या पुडीवर आयोडीनचा शब्द नव्हता. मी दोनदा उलटून पाहिली.

आईच्या भीतीला मी हसले नाही. इटलीत २०२० साली सहा बायकांची वार (पोटातल्या बाळाला पोसणारा अवयव) तपासली, त्यातल्या चौघींच्या वारेत प्लास्टिकचे कण सापडले. ही साधी गोष्ट नाही आणि सूक्ष्म प्लास्टिक निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. म्हणूनच चीड येते. खऱ्या काळजीला ही माणसं लायटर लावतात.

माशांचं लवकर आवरते. प्लास्टिक प्रामुख्यानं माशाच्या आतड्यात सापडतं, आणि सुरमई, बांगडा, पापलेट आपण पोट साफ करूनच शिजवतो. सबंध खातो तो जवळा, तिसऱ्या, कालवं यांच्यात जास्त कण पोटात जातात, हे खरं. ज्यांना धास्ती वाटते त्यांनी ते जरा कमी खावं. रत्नागिरीहून आंबा घाट चढून आलेली चांगली सुरमई वहिनीच्या ताटातून काढायचं मात्र काहीच कारण नव्हतं. समुद्री मासळीतूनही आयोडीन मिळतं.

शेवटचा मुद्दा, कोळ्यांचा. जुनी जाळी तुटून त्यांचे तुकडे समुद्रात राहतात, कबूल. पण जे प्लास्टिक बारीक कणांच्याच रूपात समुद्रात जातं, त्याचा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं २०१७ मध्ये हिशेब मांडला. त्यातलं ९८ टक्के जमिनीवरच्या कामांतून येतं. ३५ टक्के कृत्रिम धाग्यांचे कपडे धुण्यातून, २८ टक्के गाड्यांच्या टायरच्या झिजेतून. आईच्या वॉशिंग मशीनची जाळी मी त्याच दिवशी काढून दाखवली. तिच्यात करड्या-निळ्या लोकरीसारखा ओला गोळा होता, निम्म्याहून जास्त पॉलिएस्टरच्या गाऊन आणि साड्यांचा. जाळीत अडकतात ते लांब तंतू. बारीक तंतू पाण्याबरोबर मोरीतून गटारात जातात, पावसात जयंती नाला फुगला की तिथून पंचगंगेत. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा करत बंगालच्या उपसागराला जाते. वाटेतल्या धरणांच्या गाळात बरंच काही बसतं, सगळं समुद्रापर्यंत जात नाही. पण निघतं ते आमच्या मोरीतूनच. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावरून निर्माल्याची पिशवी सोडणाऱ्यांनी तरी कोळ्यांकडं बोट दाखवू नये.

आणि मिठातलं प्लास्टिक कमी करायचंच असेल तर उपाय त्याच आयआयटीच्या अभ्यासात आहे. मिठागरात घेण्याआधी समुद्राचं पाणी साध्या वाळूतून गाळलं तर वजनानं ८५ टक्क्यांहून जास्त प्लास्टिक निघून जातं. हे मीठ उत्पादकांनी करायचं काम आहे, त्यांच्याकडं मागायचं. भिशीच्या ग्रुपवर यातलं अक्षरही आलं नाही.

परवा आईनं आयोडीनचं मीठ परत आणलं, सैंधव उपवासाला ठेवलंय. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं, तर दोघींनी हात जोडल्याची खूण टाकली आणि तिसरीनं तोच व्हिडिओ पुन्हा पाठवला. ज्यांच्या घरी गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई किंवा लहान पोर आहे, त्यांनी आज स्वयंपाकघरात जाऊन मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का तेवढं बघा.