दोनशे वर्षांच्या वाचनालयांच्या वह्या

२०२८ साली रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयाला दोनशे वर्षं पूर्ण होतील. १८२८ साल म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षं झालेली. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघायला अजून चार वर्षं होती आणि मुंबई विद्यापीठ तर जवळजवळ तीस वर्षं लांब. मराठीत छापलेली पुस्तकं बोटांवर मोजावी इतकीच. मुंबईला जायचं तर शिडाचं गलबत, घाटावर जायचं तर सह्याद्री आडवा. अशा बंदराच्या गावात वाचनालय उभं राहिलं! नगरचं १८३८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं १८४८चं, म्हणजे सगळी त्याच्यानंतरची. पुढे सावंतवाडीला १८५२ साली आणि चिपळूणला १८६४ साली वाचनालय निघालं.

या सनावळ्या आपण दर वर्धापनदिनाला ऐकतो. मलाही त्यांचा अभिमान आहे. पण सनाच्या पलीकडे आपल्याला काय माहीत आहे? या वाचनालयात पहिली बाई सभासद कधी झाली? खारवी किंवा भंडारी घरातला मुलगा पुस्तक घरी न्यायला कधी लागला? मुंबईच्या कायदेमंडळातल्या बोले ठरावाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करायला सांगितलं, तेव्हा गावोगावच्या वाचनकक्षांची दारं उघडली का, की त्याला आणखी वर्षं गेली? पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की वर्तमानपत्रं किती दिवसांनी यायची?

माझ्या मते वाचनालयाचा खरा इतिहास हाच आहे, आणि तो कपाटातल्या पुस्तकांत मिळत नाही. तो असतो सभासद नोंदवहीत, देवघेवीच्या रजिस्टरात, नव्या पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत आणि कार्यकारिणीच्या इतिवृत्तात. कुणी वर्गणी थकवली, कुणी आपला अख्खा संग्रह दिला, कोणतं मासिक मागवायचं यावरून सभेत कसे खटके उडाले, हे सगळं तिथे शाईने लिहिलेलं असतं. पुस्तक हरवलं तर त्याची दुसरी प्रत कुठेतरी सापडते. इतिवृत्ताची प्रत एकच असते.

किनाऱ्यावरच्या एका जुन्या वाचनालयात (नाव सांगत नाही) मी अशा वह्या जिन्याखाली गोणपाटात बांधलेल्या बघितल्या. वरच्या दोन-तीन वह्यांची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ग्रंथपाल तुटपुंज्या पगारावर देवघेव, वर्गणी, झाडलोट सगळं बघत होते. आमची हवाच अशी, की चार महिने भिंतींना ओल, बाकीचे आठ महिने खारा दमट वारा, शिवाय कसर आणि वाळवी. त्यात पुराची भर. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या वाचन मंदिरात शिरलं आणि ग्रंथांचं केवढं नुकसान झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. २००५ सालीही तेच झालं होतं.

१९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अनुदानाची वाट धरली. तमिळनाडू, कर्नाटकासारखा ग्रंथालय कर आपल्याकडे बसवला नाही. अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो आणि त्यावर अनुदान. वर्ग ठरवताना पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती हे बघतात. तुमच्याकडे दीडशे वर्षांपूर्वीचं इतिवृत्त आहे का आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, याला त्या हिशेबात वजन नाही. माझं स्पष्ट मत आहे की असायला हवं. शतकापेक्षा जुन्या वाचनालयांना जुने कागद सांभाळायला वेगळा निधी द्या आणि तो त्याच कामावर खर्च झाला का, हे तपासा.

तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. वह्या बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. बाइंडिंगला देऊ नका, कारण बाइंडर कडा कापून सारख्या करतो आणि समासातल्या नोंदी कायमच्या जातात. चांगल्या उजेडात, वही पूर्ण न ताणता, वरून पानापानाचा फोटो घ्या. त्याची एक प्रत गावात आणि एक घाटावर ठेवा, म्हणजे एकाच पुरात दोन्ही जाणार नाहीत. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी हे काम प्रकल्प म्हणून आनंदाने करतील, त्यांना नुसतं आत येऊ द्या.

द्विशताब्दीला मांडव घाला, व्याख्यानं ठेवा, स्मरणिकाही काढा. पण त्या स्मरणिकेत शुभेच्छांची पानं कमी करून जुन्या सभासद यादीची चार पानं जशीच्या तशी छापा. वाचनालयांच्या कार्यकारिणीवर असलेले बरेच मित्र ही पोस्ट वाचतील. त्यांना एवढंच विचारतो, तुमच्याकडचं सर्वांत जुनं इतिवृत्त कोणत्या सालचं आहे आणि ते शेवटचं उघडलं कधी? पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा कपाट उघडून बघा आणि मला कळवा. फोटो काढायला मी स्वतः येतो.