लेसरने बनवलं म्हणून पेट स्कॅनचं इंजेक्शन बिनरेडिएशनचं होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय: पेट स्कॅनचं इंजेक्शन म्हणजे अणुभट्टीतला कचरा, आता टेबलावर मावणाऱ्या लेसर मशीनवर बिनरेडिएशनचं इंजेक्शन बनतं, पण हॉस्पिटलं ते लपवतात, तेव्हा स्कॅन पुढे ढकला. माझी मावशी हे वाचून ठरलेली तारीख रद्द करायला निघाली. आता गप्प बसवत नाही.

‘बिनरेडिएशनचं’ ही सगळ्यात घातक थाप. पेट स्कॅनला बहुतेक वेळा ग्लुकोजसारख्या रेणूला जोडलेलं किरणोत्सारी फ्लोरिन-18 देतात. कॅन्सरच्या बऱ्याच गाठी ते अधाशीपणे ओढून घेतात. फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, निघतो, इलेक्ट्रॉनशी भिडतो, दोघेही संपतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतालच्या कड्यातले डिटेक्टर ती जोडी टिपतात, म्हणून गाठ दिसते. किरण काढून टाकले तर स्कॅनमध्ये काहीही दिसणार नाही! लेसर इथे फक्त प्रोटॉनना वेग देतो: पातळ पत्र्यावर झोत मारला की मागून प्रोटॉन सुटतात, ते ऑक्सिजन-18वर, म्हणजे ऑक्सिजनच्या जड प्रकारावर, आदळले की फ्लोरिन-18 तयार. सायक्लोट्रॉनमध्येही, म्हणजे प्रोटॉनना गरगर फिरवून वेग देणाऱ्या यंत्रातही, प्रोटॉनच आदळवतात. अणू तोच, 110 मिनिटांचं अर्धायुष्य (तेवढ्या वेळात अर्धे अणू विरतात) तेच, रेडिएशनही तेच.

कचऱ्याचं म्हणाल, तर बोन स्कॅनच्या टेक्नेशियमचा मूळ स्रोत, मॉलिब्डेनम-99, मुख्यतः अणुभट्टीतूनच येतो. एवढं मान्य. पण ते मुद्दाम बनवून शुद्ध करतात, उकिरड्यातून उचलत नाहीत. फ्लोरिन-18 तर सायक्लोट्रॉनचं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये तो 2002 पासून आहे.

आणि लपवलंय कुठे? इंग्लंडमधल्या व्हल्कन लेसरवरचा लेडिंगहॅम आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 2004 सालीच छापून आला. एका शॉटमध्ये फ्लोरिन-18 मिळालं साधारण एक लाख बेक्वेरेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्वेरेल). एका रुग्णाला लागतात तीसेक कोटी, म्हणजे तीन हजार शॉट. व्हल्कनला तर प्रत्येक मोठ्या शॉटनंतर लेसरमधली काच थंड होईपर्यंत थांबावं लागे. तेवढ्यात आधीचं फ्लोरिन विरायला लागलेलं. म्हणून तर आता भराभर शॉट मारणाऱ्या लेसरवर संशोधन चाललंय. ते जमलंच पाहिजे, मलाही हवंय. पण तेव्हाही टेबलावर मावेल ते फार तर लेसर; रेडिएशन अडवायच्या जाड भिंती, शिशाआडची रसायनांची खोली आणि प्रत्येक बॅचची तपासणी यांना जागा लागणारच.